एक कोयता, सहकुटुंब

"फॅमिली कुठंय?" फाटकावरच्या माणसाने दुसऱ्यांदा विचारले.

रतनबाईने मागे वळून रस्त्याकडे पाहिले, जणू ती वस्तू एसटीत विसरून राहिली असावी. रस्त्यावरून मांजरसुंब्याच्या दिशेने एक कंटेनर गेला आणि त्याच्यामागे धूळ गेली. तुळजाबाईने वळून पाहिले नाही. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारले, "फॅमिली म्हंजे?"

"म्हंजे मालक. न्हाईतर पोरगा, जावई, भाऊ. संगं माणूस पायजे."

"आमी माणसंच हाओत की."

"बाप्या माणूस, मावशी."

त्याचे नाव उत्तरेश्वर होते. ते खिशावर शिवलेले होते आणि निळ्या गणवेशाची बाही त्याला आखूड होत होती. त्याने काठीने वरची पाटी दाखवली. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'आईसाहेब कौशल्याबाई स्मृती कौटुंबिक उद्यान' असे लिहिले होते आणि खाली, लाल रंगात, 'प्रवेश फक्त कुटुंबासाठी'.

कुटुंब हा शब्द मराठीत फार दिवस बायकोच्या अर्थाने चालला. मागच्या पिढ्यांतले सद्गृहस्थ 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे कळवीत, तेव्हा सगळे घर रिकामे झाले असा अर्थ कोणी घेत नसे. पुरुष आपल्या जागी पूर्ण असे. बाई ही त्याच्याकडची एक बाब असे. पुढे इंग्रजी शब्द आला, हमरस्त्यावरच्या ढाब्यांमागे पडदे लावलेल्या फॅमिली रूम निघाल्या, आणि अर्थाने कूस बदलली. आता फॅमिली ही बाईजवळ असावी लागते, आणि ती फॅमिली म्हणजे पुरुष. शब्द एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. बाई होती तिथेच राहिली. एवढ्या मोठ्या प्रवासात तिला कोणी बसायला जागा दिल्याची नोंद नाही.

नियमाला कारण होते. उद्यान उघडल्यावर पहिल्या काही महिन्यांत तिथे टवाळ पोरे येऊ लागली, झाडांना पाठ लावून बसू लागली आणि येणाऱ्या मुलींची नावे मोठ्याने विचारू लागली. विश्वस्त मंडळाची बैठक झाली. पोरांचा बंदोबस्त करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकट्यादुकट्या बायकांना बाहेर ठेवणे, हा निष्कर्ष तिथे एकमताने निघाला. मंडळात एकही बाई नव्हती. तेव्हा एकमत होण्यास वेळ लागला नसावा.

त्या दोघी पहाटे केजकडच्या आपल्या गावाहून निघाल्या होत्या. एसटीत बायकांना अर्धे तिकीट असते. सकाळी त्या कपिलधारला जाऊन धबधब्याखाली पाय भिजवून आल्या, संताच्या समाधीपुढे नारळ फोडला, आणि तिथे त्यांना कोणी काही विचारले नाही. देवाला एकटी बाई चालते. अडचण उद्यानाला आहे.

कपिलधार हे तसे निमित्त होते. निघायचे कारण हे उद्यान होते, आणि त्यातही रस्त्यावरून दिसणारा आकाशपाळणा. दर वर्षी दसरा झाला की टोळीची ट्रॅक्टर-ट्रॉली याच रस्त्याने पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जाई आणि उन्हाळा चढला की याच रस्त्याने परत येई. उद्यान झाले तेव्हापासून, ट्रॉलीतल्या भांड्याकुंड्यांवर, सरपणावर, बांधलेल्या शेळीशेजारी बसलेल्या रतनबाईला जाताना आणि येताना तो पाळणा दिसे. रंगीत दिव्यांचा, आपल्याच नादात फिरणारा. प्रत्येक वेळी ती म्हणे, "एकदा उतरून बघायचं." ट्रॉली उद्यानापाशी उतरवायला थांबत नसते.

यंदा रतनबाई जाणार नव्हती. उन्हाळ्यात तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले होते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिला सांगितले की यापुढे डोक्यावर ओझे घ्यायचे नाही. किती दिवस, असे तिने विचारले. आता न्हाईच, असे उत्तर मिळाले. तिने ते उत्तर गावी आणून तुळजाबाईला सांगितले आणि दोघी बराच वेळ ज्वारी निवडत बसल्या. मग तुळजाबाई म्हणाली, टोळी जायच्या आधी तुला त्या पाळण्यापाशी उतरवते.

म्हणून ती फाटकावरून हलत नव्हती.

या दोघींचे नाते काय, हा प्रश्न पुढे यायचाच आहे. तेव्हा त्याचे उत्तर आधी सांगितलेले बरे. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. अमक्या टोळीत दहा कोयते, असे म्हटले की वीस माणसे समजायची. माणसांना हत्याराच्या नावाने मोजण्याची ही पद्धत निष्ठुर आहे हे खरे, पण ती निदान प्रामाणिक आहे; इतर अनेक व्यवसायांत हेच मोजमाप चालते, फक्त शब्द गोड असतात. नवरा किंवा बायको एकटी असेल तर तो अर्धा कोयता. तुळजाबाईचा नवरा वारला आणि ती अर्धी झाली. रतनबाईचा नवरा जिवंत होता. त्याने सांगलीकडे दुसरी बाई पाहून दुसरा कोयता केला, आणि रतनबाई कपाळावरच्या कुंकवासकट अर्धी झाली. दोघी एका गावच्या, पण ना भावकीतल्या ना आळीतल्या. त्यांनी मुकादमाला, शहादेवला, सांगितले की आमचा दोघींचा मिळून एक कोयता धर.

शहादेव म्हणाला, "दोन अर्ध्यांचा एक होत न्हाई. दोन्हीबी बायाच."

अंकगणिताला या विधानात अडचण वाटेल. शहादेवला वाटली नाही. टोळी निघायच्या दिवशी सगळे ट्रॉलीत चढले आणि या दोघी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसल्या. ड्रायव्हरने इंजिन चालू केले, बंद केले, पुन्हा चालू केले. शहादेवने आधी शिव्या दिल्या, मग समजूत काढली, मग दोघींच्या आयाबापांचा उद्धार केला. ऊन डोक्यावर आले तेव्हा त्याने सगळ्या टोळीला ऐकू जाईल असे ओरडून म्हटले, "तुळजा-रतन, एक कोयता." मग त्या उठल्या. तेव्हापासून रतनबाई तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढायची; तुळजाबाई तोडायची, उसाचा पाला साळायची, मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायची. थंडीत पाचटाच्या एका कोपीत एका वाकळेखाली झोपायच्या. एकीला ताप आला तर दुसरी दोघींच्या वाट्याची उसाची सर तोडायची. ज्याला संसार म्हणतात त्यातले भांडण धरून सगळे त्यांच्याकडे होते.

फाटकासमोरच्या टपरीवर एक काळीपिवळीचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्याला या दोघींची कीव आली असावी किंवा दुपारी सवाऱ्या नसाव्यात. तो म्हणाला, "मावशी, मी येतो की. तुमचा पोरगा म्हणून घ्या."

उत्तरेश्वरचा चेहरा उजळला. झाले काम, असे तो म्हणाला. माणूस कुठला, कोणाचा, याची त्याला गरज नव्हती. नियमाला पुरुष हवा होता, आणि नियम त्याच्या बाबतीत चोखंदळ नव्हता.

रतनबाई तुळजाबाईच्या कानाशी लागली. "घेऊ भाड्यानं. मपल्या नवऱ्यापेक्षा तर बराय. निदान हजर तरी हाय."

तुळजाबाईला हसू आले, पण तिने ते ओठांवर येऊ दिले नाही. "तू चा पी, बाबा," ती ड्रायव्हरला म्हणाली. मग तिने फाटकाच्या सावलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घ्यावा लागेल अशा बेताने, फडके अंथरले आणि बसली. रतनबाईने पिशवीतून आपली चुंबळ काढली. जुन्या हिरव्या लुगड्याची, पीळ घालून वेटोळी शिवलेली. इतकी वर्षे मोळीखाली डोक्यावर राहून तिला डोक्याचाच आकार आला होता. आता ओझे नव्हते. आता ती कडक जागी बसायला तिचा उपयोग करी. तिने ती खाली ठेवली, एका हाताने कंबर धरली आणि हळूहळू तिच्यावर टेकली.

दुपारच्या वेळी कुटुंबे येत होती. पुढे पुरुष, मागे बाई, बाईच्या कडेवर मूल, मुलाच्या हातात फुगा. ती सगळी या दोघींना वळसा घालून आत जात होती. उत्तरेश्वर दोनदा येऊन गेला. मावशी, माझी नोकरी जाईल, असे त्याने सांगितले. तुळजाबाई म्हणाली की तुझी नोकरी जाऊ नये म्हणूनच आम्ही तुला न ढकलता बसलो आहोत.

"जाऊ बरं," रतनबाई थोड्या वेळाने म्हणाली. "पाळणा तर इथूनबी दिसतुया."

"इथून कशापायी बघायचा? ट्रालीतूनबी दिसत व्हता त्यो."

रतनबाईने पिशवी पुढ्यात ओढली. तिने भाकरी सोडली, निम्मी मोडून तुळजाबाईच्या हातात दिली.

शेवटी व्यवस्थापक आले. सगळे त्यांना आदिनाथ सर म्हणत. ते पुण्याला वाढलेले होते, इस्त्रीच्या शर्टातले, आणि त्यांचा आवाज मऊ होता. माणसाला बाहेर ठेवायचे असेल तर असा आवाज फार उपयोगी पडतो. त्यांनी सांगितले की हा नियम तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. तुळजाबाईने विचारले की आत असे काय आहे. आत काही नाही, ते म्हणाले, आत खेळणी आहेत. मग भीती कुणाची, असे तिने विचारले. आदिनाथ सरांनी या प्रश्नाकडे सौजन्याने दुर्लक्ष केले.

"बरं, तुमचं दोघींचं नातं काय? बहिणी आहात? जावा?"

"न्हाई. आमचा एक कोयता हाय."

आदिनाथ सर अर्धे पाऊल मागे सरकले. "उत्तरेश्वर, पिशवी बघा. हत्यार आत नेता येणार नाही."

उत्तरेश्वर हलला नाही. त्याचे आईबाप गेवराईकडचे. त्याचा स्वतःचा जन्म उसाच्या फडात, कोपीत झालेला. कोयता म्हणजे काय हे या फाटकावर त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. तो जागच्या जागी तांबडा झाला, मग खाली बसला आणि पिशवीत हात घातला. त्याने ठेच्याची डबी काढली, पाण्याची बाटली काढली, कपिलधारचा अर्धा नारळ काढला. एकेक वस्तू बाहेर ठेवताना तो दोघींकडे पाहत नव्हता.

"कोयता न्हाई, सर," तो म्हणाला. "पिशवीत न्हाई."

तुळजाबाई उठली. रागाने ती ओरडेल असे रतनबाईला वाटले आणि तिने तिचा पदर धरला. पण तुळजाबाईची नजर आदिनाथ सरांच्या खांद्यावरून आत गेली होती. फाटकाच्या आत, कारंज्याच्या मधोमध, सोनेरी रंग दिलेला एक पुतळा होता. डोक्यावर पदर घेतलेली वयस्क बाई, खुर्चीत बसलेली, एक हात आशीर्वादाचा. ज्यांच्या नावाने उद्यान होते त्या याच. चौथऱ्यावर संगमरवरात मजकूर कोरलेला होता.

"अक्का, वाच ते," तुळजाबाई म्हणाली.

रतनबाई चौथी शिकलेली होती. डोळे बारीक करून, प्रत्येक शब्दावर पाय रोवून, तिने वाचले: ऐन तारुण्यात वैधव्य आले असता न डगमगता आईसाहेबांनी एकटीने संसाराचा गाडा ओढला.

"एकटीनं," तुळजाबाई म्हणाली. मग ती आदिनाथ सरांकडे वळली, आणि तिचा आवाज त्यांच्याइतकाच मऊ झाला. "साहेब, या बाईची फॅमिली कुठंय? हिला आत कुणी सोडलं?"

रांगेत मागे कोणी तरी फिस्सकन हसले. एका पोरसवदा नवऱ्याने खिशातून मोबाइल काढून समोर धरला. आदिनाथ सरांनी पुतळ्याकडे पाहिले, बाईकडे पाहिले, आणि सर्वांत जास्त वेळ मोबाइलकडे पाहिले. युक्तिवादाने नियम वाकल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत. या प्रश्नाची चित्रफीत संध्याकाळपर्यंत आईसाहेबांच्या चिरंजीवांच्या, म्हणजे उद्यानाच्या मालकांच्या, हातात पडेल, हे मात्र समजण्यास मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती. ते म्हणाले की आजच्यापुरते अपवाद म्हणून सोडा, आणि कार्यालयाकडे निघून गेले. अपवाद हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

तिकिटाच्या खिडकीतली मुलगी गोंधळली. तिच्या यंत्रात फॅमिली होती, लहान मूल होते. हे काय दाबायचे, असे तिने विचारले.

उत्तरेश्वरने फाटकाची कडी काढली. मग खिडकीकडे तोंड करून, गरजेपेक्षा जरा मोठ्याने, म्हणाला, "वनमाला, एक कोयता हाय. फाड तिकीट."

आत सिमेंटचा डायनासोर होता, बदकाच्या आकाराची कचराकुंडी होती, आणि गवतावर चालू नये अशी विनंती जागोजागी होती. दोघींनी सगळे पाहिले. बदकाच्या चोचीत नारळाची करवंटी टाकताना रतनबाईला ते पाप वाटले. मग त्या पाळण्यापाशी आल्या, आणि तिथेही पाटी होती. रतनबाईने ती मनातल्या मनात वाचली, आणि तुळजाबाईने विचारल्यावर मोठ्याने सांगितली: पाठीचे, मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये.

या पाटीशी भांडता येत नव्हते. तुळजाबाईने तरी एकदा पाळणेवाल्याकडे पाहिले.

"न्हाई, तुळजे," रतनबाई म्हणाली. "ही पाटी खरी हाय."

"मग मीबी न्हाई बसत."

"बसायचं. मी काय बघायला आले इतक्या लांबून? जा. वरून काय दिसतंय त्ये सांग मला."

तिने तुळजाबाईला खांद्याला धरून ढकलले. ज्या हातांनी इतकी वर्षे फळीवर चढताना तोल सावरला त्यांत अजून जोर होता. तुळजाबाई एकटी पाळण्यात बसली. पाळणेवाल्याने समोरच्या बाकावर वजनासाठी वाळूची गोणी ठेवली.

पाळणा वर गेला. तुळजाबाईने आधी दांडी घट्ट धरली, मग डोळे उघडले. बालाघाटचे डोंगर पावसाने हिरवे झालेले दिसले, ढाब्यांची छपरे दिसली, आणि रस्ता दिसला. तोच रस्ता, पण इतका सबंध तिने कधी पाहिला नव्हता. ट्रॉलीत पाठमोरे बसल्यावर तो नेहमी मागे पडताना दिसतो. मग तिने खाली रतनबाईला शोधले. ती पाळण्याखाली नव्हती.

रस्त्याकडेच्या भिंतीला लागून उंच चौथऱ्यावर 'आपले ग्रामजीवन' नावाचा देखावा होता. सिमेंटचा नांगऱ्या, सिमेंटची जात्यावरची बाई, आणि शेवटी ऊसतोडीचे जोडपे: पुरुषाच्या हातात उगारलेला कोयता, बाईच्या डोक्यावर मोळी. रस्त्यावरून या सगळ्यांच्या पाठीच दिसत. कुटुंबे त्या जोडप्याच्या मधे उभी राहून फोटो काढत. सिमेंटची बाई हसत होती. मोळी वेगळी ओतून दोन लोखंडी सळ्यांवर बसवलेली होती, त्यामुळे डोके आणि ओझे यांच्यामध्ये चार बोटांची फट राहिली होती, आणि फटीतून सळ्यांचा गंज ओघळून बाईच्या कपाळावर आला होता.

पाळणा दुसऱ्यांदा वर आला तेव्हा तुळजाबाईला रतनबाई दिसली. ती चौथऱ्यावर चढली होती. एक हात कमरेवर, टाचा उचललेल्या. दुसऱ्या हाताने ती हिरवी चुंबळ त्या फटीत सारत होती; थोडी सारून, थांबून, चापून, पुन्हा सारत होती. पाळणा खाली गेला आणि झाडे आड आली. पुन्हा वर आला तेव्हा ती चौथऱ्यावरून उतरून, रिकाम्या हातांनी, वर पाहत उभी होती.

परतीच्या एसटीत तुळजाबाईने वरून काय दिसले ते सगळे सांगितले. डोंगर सांगितले, छपरे सांगितली, रस्ता सांगितला. बाक कडक होता. मांजरसुंब्यापासून केजपर्यंत रतनबाईने एकदाही कंबर धरली नाही, आणि तुळजाबाईने चुंबळीबद्दल विचारले नाही.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. शहादेवने तुळजाबाईबरोबर मंजुषाला जोडले. वर्षापूर्वी नवरा गेलेली, पहिल्यांदाच फडावर निघालेली. दोन्ही बायाच, असे यावेळी तो म्हणाला नाही. "एक कोयता" म्हणून पुढच्या जोडीकडे वळला. रतनबाई निरोपाला आली नाही. तिने सकाळीच भाकरी बांधून पाठवल्या होत्या, दोघींपुरत्या.

ऊन कलताना ट्रॉली उद्यानावरून गेली. तुळजाबाई भांड्यांवर हात टेकून उभी राहिली. पाळणा फिरत होता, पण ती तिकडे पाहत नव्हती. भिंतीवर ओळीने पाठी येत होत्या: नांगऱ्याची, जात्यावरच्या बाईची, मग शेवटची, मोळीवाल्या बाईची. तिच्या डोक्यावर, सिमेंटच्या मोळीखाली, विटलेल्या हिरव्या लुगड्याची कड बाहेर आली होती.

"काय बघताव, मावशी?" मंजुषाने विचारले.

"मपला कोयता."

मंजुषाने गाठोड्याखाली चाचपले, फडक्यात गुंडाळलेला कोयता काढला आणि तिच्यापुढे धरला. "ह्यो काय. इथंच हाय की."

तुळजाबाईने तो घेतला आणि खाली बसून मांडीवर ठेवला.